समसमान छोट्या गाड्यांची शर्यत : नवख्यांनी या चुका टाळाव्यात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील काही तरुण हौशी मोटार शर्यतींत उतरू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. खानदेशात रेसिंगचा ट्रॅक नाही. त्यामुळे भुसावळ किंवा मनमाडहून रेल्वे पकडून कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा 3.717 किलोमीटर लांबीचा ट्रॅक गाठावा लागतो, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. एवढा खटाटोप करून गेल्यावर टाळता येण्यासारख्या चुकांमुळे शर्यत वाया जाऊ नये, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

येथे विचार केला आहे तो एकाच बनावटीच्या छोट्या, हलक्या गाड्यांच्या शर्यतींचा. परदेशात या प्रकारासाठी माझदा एमएक्स-5 प्रसिद्ध आहे. 1989 साली आलेल्या तिच्या पहिल्या पिढीत 1.6 लिटरचे, सुमारे 115 अश्वशक्तीचे इंजिन होते आणि गाडीचे वजन जेमतेम टनाच्या आसपास होते. ती गाडी आपल्याकडे सहज मिळत नाही, पण त्यामागचा विचार आपल्याला नवा नाही. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या घडवल्या, त्यांच्याच नावाने आज तेथील ट्रॅक ओळखला जातो. पुढे 1300 सीसीच्या, फॉर्म्युला एलजीबी नावाच्या शर्यतीच्या गाड्या आल्या, 2010 मध्ये फोक्सवॅगनचा पोलो कप सुरू झाला. या सर्वांत सूत्र एकच राहिले : गाड्या सारख्या ठेवायच्या आणि कस चालवणाऱ्याचा लावायचा.

इंजिनाला दोष देण्याची घाई

सरळ पट्ट्यावर पुढची गाडी हळूहळू लांब जाऊ लागली की नवखा ड्रायव्हर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, येऊन पहिले वाक्य बोलतो, "गाडी ओढत नाही." बहुतेक वेळा इंजिनात काही बिघडलेले नसते, फरक आधीच्या वळणात पडलेला असतो. समजा, वळणातून आपण ताशी 90 किलोमीटर वेगाने बाहेर पडलो आणि दुसरा 93 ने पडला. हा तीन किलोमीटरचा फरक दहा सेकंदांच्या सरळ पट्ट्यावर टिकून राहिला, तर तो आपल्यापुढे सुमारे आठ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांचे अंतर काढतो. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाडीत एकदा गमावलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो, आणि म्हणूनच या शर्यतीत वेग जपण्याला एवढी किंमत आहे.

त्यामुळे तक्रार करण्यापूर्वी डेटा लॉगरवर, म्हणजे गाडीचा वेग नोंदवणाऱ्या यंत्रावर, वळणातील कमीत कमी वेग आणि बाहेर पडतानाचा वेग सोबत्याच्या नोंदीशी ताडून पाहावा. ते आकडे सारखे असूनही गाडी मागे पडत असेल, तर गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवावे. एखादे चाक जड फिरत असेल तर तेथील ब्रेक पूर्ण सुटत नाही. त्यानंतर अलाइनमेंट आणि एअर फिल्टर पाहावेत. किमान वजनाचा नियम ड्रायव्हरसह लागू होत असेल, तर वजनकाट्यावर आपण विनाकारण किती जास्त भरतो तेही पाहावे. इंजिनाचा विचार या सगळ्यानंतर करावा, आणि तोही आयोजकांना कळवून, कारण अशा शर्यतींत इंजिनाला बहुधा सील असते आणि ते तोडले की निकाल रद्द होतो.

वळणातला वेग हरवण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उशिरा ब्रेक दाबण्याची हौस. ड्रायव्हर शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो, मग घाबरून जोरात ब्रेक दाबतो आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवतो. पुढच्या टायरना एकाच वेळी दोन कामे पेलत नाहीत, गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला जाते, ते वळेपर्यंत अॅक्सिलरेटर दाबता येत नाही आणि पुढचा सगळा सरळ पट्टा हातचा जातो. ब्रेकचा मुख्य जोर गाडी सरळ असतानाच संपवावा, वळण घेताना पाय एकदम न उचलता हळूहळू सोडावा, आणि नजर बोनेटवर न ठेवता वळणाच्या आतल्या टोकाकडे, तेथून पुढे बाहेर पडण्याच्या जागेकडे न्यावी. टायर सतत किंचाळत असतील आणि स्टिअरिंग आणखी वळवूनही गाडी वळत नसेल, तर स्टिअरिंग थोडे सरळ केल्याने पकड परत येते. हे पहिल्यांदा करताना मन तयार होत नाही, म्हणून ते सरावाच्या फेरीत मुद्दाम करून पाहावे.

ब्रेकची तक्रार नीट ओळखावी

"ब्रेक गेले" या दोन शब्दांवरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. पायाला नेमके काय जाणवले ते सांगावे लागते. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, अशी स्थिती असेल तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. अशा वेळी एक-दोन फेऱ्या सावकाश चालवून ते थंड करावेत, आणि त्रास पुन्हा झाला तर रस्त्यावरचे पॅड काढून शर्यतीसाठीचे पॅड बसवावेत. पेडल मऊ होऊन खाली बसत असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. तेव्हा ताबडतोब पिटमध्ये यावे, ऑइल बदलावे आणि एअर काढावी. तिसरा प्रकार फसवा असतो : पेडल पहिल्यांदा दाबल्यावर खोल जाते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर बरोबर लागते, तेही बहुधा खडबडीत कडेवरून किंवा जोरदार वळणातून आल्यावर. अशा वेळी चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आली असण्याची शक्यता मोठी असते, कारण हलणारी डिस्क पॅडला मागे ढकलते. चाक वर-खाली धरून हलवले की ती ढिलाई हाताला कळते. या तिसऱ्या प्रकारात कितीही वेळा एअर काढली तरी उपयोग होत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, ही गोष्ट आपल्याकडील अनेक गॅरेजमध्ये गांभीर्याने घेतली जात नाही. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ओलावा मुरल्यावर मोजला जाणारा किमान आकडा 155 अंशांवर येतो. झाकण उघडून पावसाळाभर फळीवर ठेवलेली बाटली शर्यतीच्या गाडीत ओतणे म्हणजे हा 75 अंशांचा आधार स्वतः काढून टाकणे होय. प्रत्येक वेळी सीलबंद बाटलीच वापरावी.

टायरमधील हवा आणि खानदेशचे ऊन

टायरमधील दाब तापमानाच्या दर सहा-सात अंशांमागे सुमारे 1 पीएसआयने बदलतो. जळगावात भर दुपारी 42 अंशांत हवा भरून गाडी ट्रेलरवर चढवली आणि कोइम्बतूरला सकाळी 24 अंशांत तशीच ट्रॅकवर उतरवली, तर दाब अडीच ते तीन पीएसआयने कमी भरतो. मग पहिल्याच सत्रात गाडी लोळते, ड्रायव्हर सस्पेन्शनला दोष देतो आणि नको ते बदल सुरू होतात. हवा ट्रॅकवर पोहोचल्यावर, सावलीत, स्वतःच्या एकाच गेजने भरावी आणि पिटमध्ये परतताच गरम टायरचा दाब पुन्हा मोजावा, कारण गाडी धावते ती त्या गरम दाबावर. टायरचे तापमान आतील कडा, मध्य आणि बाहेरील कडा अशा तीन ठिकाणी घ्यावे. मध्यभाग अधिक तापला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर कमी आहे.

एका वेळी एकच बदल करावा, हा नियम येथे फार मोलाचा ठरतो. हवा, अलाइनमेंट आणि शॉक अॅब्सॉर्बर एकदम बदलले तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही. वहीत वेळ, हवेचे तापमान, थंड दाब, गरम दाब आणि फेरीची वेळ लिहावी; या वहीइतके उपयोगी साधन बाजारात मिळणार नाही असे माझे ठाम मत आहे.

घोळक्यात चालवताना

सारख्या गाड्या एकमेकींच्या मागे चिकटून धावतात तेव्हा पुढची गाडी हवा फोडते आणि मागचीला जास्त वेग मिळतो. येथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ब्रेक नेहमीच्याच खुणेवर दाबणे. आडोशात वेग जास्त असतो आणि गाडी रोखण्यात हवेचा वाटा कमी होतो, म्हणून ब्रेक थोडा आधी लागतो. हे विसरल्याने पहिल्याच वळणावर मागून धडक बसते. दुसरी म्हणजे फेऱ्यामागून फेऱ्या पुढच्या बंपरला चिकटून राहणे. त्यामुळे रेडिएटरला हवा मिळत नाही आणि चेन्नईच्या उन्हात तापमापकाचा काटा भराभर चढतो. सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढावी म्हणजे इंजिनाला श्वास मिळतो. तसेच शर्यतीच्या सुरुवातीलाच प्रत्येक वळणावर वाट अडवत बसू नये, कारण दोघे भांडू लागले की दोघांचाही वेग पडतो आणि मागचा घोळका येऊन मिळतो.

झेंडे पाठ असावेत. पिवळा म्हणजे धोका, वेग कमी करणे आणि ओव्हरटेक न करणे. लाल म्हणजे सत्र थांबले. काळ्यावर नारिंगी वर्तुळ आणि आपला क्रमांक दिसला तर गाडीत बिघाड आहे आणि पिटमध्ये यायचे आहे.

खानदेशातल्या माणसाला उन्हाची सवय असते, या भरवशावर राहू नये. आपले ऊन कोरडे असते, घाम लगेच सुकतो आणि शरीर थंड होते. चेन्नईच्या दमट हवेत, अग्निरोधक सूट आणि हेल्मेटच्या आत तो सुकत नाही. डोके दुखणे, वळण चुकणे, गिअर चुकणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे असू शकतात. पाणी आदल्या दिवसापासूनच प्यावे, थोडे मीठ-साखर घालून.

सरावासाठी कन्नड घाट, लळिंगचा घाट किंवा रात्रीचा महामार्ग वापरणे ही या लेखातील सर्वांत गंभीर चूक आहे. तेथे केळीचे ट्रक, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे असतात, झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे मार्शल किंवा रुग्णवाहिका नसते, आणि तेथे शर्यतीचे कौशल्यही येत नाही, कारण तोच वेग, तेच वळण पुन्हा पुन्हा मोजून घेता येत नाही. पुणे-मुंबईकडे भाड्याने मिळणारी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवावी. कमी ताकद आणि वेग जपणे हा धडा कार्टमध्ये उत्तम मिळतो. शर्यतीसाठी एफएमएससीआयचा, म्हणजे देशातील मोटार क्रीडा महासंघाचा, परवाना लागतो, त्याचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी वेळेत उरकावी.

सत्र संपल्यावर शेवटची फेरी ब्रेक फारसा न वापरता सावकाश चालवावी आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये, चाकाला लाकडी ठोकळा लावावा; तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून राहिले तर त्याच जागी डाग पडतो आणि पुढच्या सत्रात पेडल थरथरते. चाके गार झाली की टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासावेत, विशेषतः नवी चाके बसवल्यानंतरच्या पहिल्या सत्रानंतर.