स्विचला कॉपर आणि फायबर जोडताना

केबल हातात घेण्याआधी नेटवर्क स्विचवर (संगणक, कॅमेरे एकमेकांना जोडणारी पेटी) कोणते पोर्ट, म्हणजे केबल जोडायची तोंडं, आहेत ते बघून घ्या. आरजे४५ चे (आठ पिनांच्या नेहमीच्या नेटवर्क प्लगचे) पोर्ट कॉपरसाठी, म्हणजे तांब्याच्या केबलसाठी असतात. धातूच्या चौकटीची जी रिकामी खाच दिसते, ती फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलचं, एसएफपी मॉड्यूल (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणारा छोटा भाग) बसवण्यासाठी. एसएफपी साधारण सेकंदाला १ गिगाबिट वेगाचं आणि एसएफपी प्लस १० गिगाबिटचं. दोन्ही दिसायला सारखीच. १ गिगाबिटचं मॉड्यूल १० गिगाबिटच्या खाचेत बहुतेक स्विचवर चालतं, उलटं मात्र चालत नाही. एकाच नंबरचं आरजे४५ आणि एसएफपी असं जोडपं दिसलं तर तो कॉम्बो पोर्ट. त्यातलं एका वेळी एकच तोंड चालतं.

आधी कॉपर. एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी: भिंतीतून जाणारी ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या केबल) मिळून १०. १ गिगाबिटला कॅट ५ई दर्जाची केबल पुरते. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर न्यायचं असेल तर कॅट ६ए लागते. कॅट ६ वर ते फार तर ५५ मीटर जातं. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. तिचा रोध जास्त असतो, त्यामुळे पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच दिलेल्या विजेवर) कॅमेरा किंवा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट चालवायचा असेल तर केबल तापते आणि पलीकडे व्होल्टेज कमी पोचतं.

प्लग मारताना बाहेरचं आवरण तीनेक सेंटीमीटर सोला. प्लगची खिट्टी खालच्या बाजूला आणि केबल घालायचं तोंड आपल्याकडे धरल्यावर डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून एका रेषेत कापा. पीळ उलगडलेला भाग १३ मिलीमीटरपेक्षा जास्त राहू देऊ नका, आणि आवरण प्लगच्या आतपर्यंत जाऊ द्या. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि चार वेळा प्लग काढला-घातला की संपर्क ढिला होतो.

इथे एक चूक फार होते. दोन्ही टोकांना क्रम सारखा असला की झालं, असं समजून लोक जोड्या ओळीने लावतात. साध्या दिव्यांच्या टेस्टरवर आठही दिवे नीट लागतात. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच पिळातल्या तारा यायला हव्यात, त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या येतात. मग क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणं) वाढतो, लिंक लागते, म्हणजे दोन्ही टोकं जोडलेली दिसतात, पण एरर साचत जातात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला फक्त १, २, ३ आणि ६. म्हणून गिगाबिट पोर्ट १०० वर अडकला असेल तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा.

फायबरमध्ये दोन्ही टोकांची मॉड्यूल एकाच वेगाची आणि एकाच तरंगलांबीची हवीत. पिवळी केबल सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट असलेली), तिला १३१० नॅनोमीटरचं एलएक्स (१ गिगाबिट) किंवा एलआर (१० गिगाबिट) मॉड्यूल. फिकट निळसर-हिरवी ओएम३ किंवा ओएम४ दर्जाची मल्टिमोड (प्रकाशाला अनेक वाटा असलेली), तिला ८५० चं एसएक्स (१ गिगाबिट) किंवा एसआर (१० गिगाबिट); १० गिगाबिट ओएम३ वर ३०० मीटर जातं. एकाच धाग्यावर चालणारी बायडाय मॉड्यूल याला अपवाद. तिथे एका टोकाची पाठवायची तरंगलांबी दुसऱ्या टोकाची घ्यायची असते, त्यामुळे एकसारखी दोन घेतली तर लिंक लागणारच नाही.

मॉड्यूल खाचेत टिक आवाज येईपर्यंत सरकवा. टोपण काढलं की एलसी कनेक्टरचं (फायबरच्या छोट्या प्लगचं) टोक लगेच फायबर क्लीनरने पुसा, मॉड्यूलचं तोंडही पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. कोरं पाकीट फोडून काढलेली पॅच कॉर्डसुद्धा पुसायचीच. सिंगल मोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन असतो, धुळीचा एक कण तो झाकून टाकतो. धाग्याच्या टोकात डोकावू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही. हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीला जोडू नका. एपीसीचं टोक तिरकं घासलेलं असतं, यूपीसीचं नाही.

लिंक लागली नाही तर एकाच टोकाच्या दोन धाग्यांची अदलाबदल करा. इकडचं टीएक्स (पाठवणारं तोंड) तिकडच्या आरएक्सला (घेणाऱ्या तोंडाला) जायला हवं. दोन्ही टोकं बदललीत तर पुन्हा जिथे होतात तिथेच याल. ४० किंवा ८० किलोमीटरचं मॉड्यूल छोट्या अंतरावर लावायचं असेल तर मध्ये अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) घाला, नाहीतर जास्त प्रकाशाने समोरचा रिसीव्हर खराब होऊ शकतो. केबल ३ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. बांधायला वेल्क्रो वापरा, प्लास्टिकची टाय घट्ट आवळली की धागा चेपतो.

त्याच दोन स्विचमध्ये जुनं कॉपर तसंच ठेवून नवीन फायबर लावलं तर लूप होतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो. स्पॅनिंग ट्री (असा लूप ओळखून जादा वाट बंद करणारी स्विचमधली सोय) बंद असेल तर काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. आधी कॉपर काढा, मग फायबर लावा.

लिंक लागल्यावर स्विचमध्ये सीआरसी एररचा (बिघडून पोचलेल्या डेटाचा) आकडा बघा, आणि मॉड्यूल दाखवत असेल तर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात लिहून ठेवा. पुढे कधी ती ३ डीबीने घसरलेली दिसली तर प्रकाश निम्माच पोचतोय. आधी कनेक्टर पुसा, मग केबल कुठे दुमडली आहे ते शोधा.