मुलांसोबत धोंडस करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणातल्या मांडवांवर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, लोंबायला लागली की घराघरांत धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बोलतं करायला याहून चांगला पदार्थ मला ठाऊक नाही. तरी बऱ्याच घरांत मूल ओट्याशी नुसतं बघत उभं असतं.

सगळं आधीच किसून-मोजून ठेवलं की असंच होणार. किसणी आणि चूल मोठ्यांकडे, पण वाटी मुलाच्या हातात द्या: एक वाटी तांदळाचा रवा, दोन वाट्या तवशाचा कीस, पाऊण वाटी गूळ. पाऊण म्हणजे किती, ते वाटीत गूळ भरताना आपोआप कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परीक्षा घेणं. ‘हे काय? याचा रंग कोणता?’ असं विचारलं की मूल एका शब्दात उत्तर देतं आणि गप्प होतं. त्यापेक्षा हातातलं काम बोलून दाखवा: ‘रवा भाजला बघ, कसा खमंग वास सुटलाय!’ तो निवला की विचारा, ‘हाताला कसा लागतोय?’ आणि थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आपण घाईने उत्तर देऊन मोकळे होतो. गूळ कालवताना ते ‘चिकट’ म्हणालं, तर त्याचाच शब्द पुढे न्या: ‘हो, गुळामुळे बोटं चिकट झाली.’

मूल मालवणीत ‘पाणी जास्त झाला’ म्हणालं, तर व्याकरण सुधारत बसू नका. त्याने नीट पाहिलंय, त्याचं कौतुक करा. धोंडस गिच्च होतं ते बहुतेकदा याच पाण्यामुळे. कीस पिळून रस बाजूला ठेवा, लागेल तेवढाच घाला. (तवशाचा देठाकडचा तुकडा आधी चाखा, कडू निघू शकतं.)

मिश्रण शिजवून घट्ट झालं की हळदीच्या पानावर ओता. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, आता ओव्हनमध्ये 180 अंशांवर साधारण 40 ते 45 मिनिटं. गरम असताना कापलं तर तुकडे पडतात, म्हणून पूर्ण निवू द्या. या वेळात मोबाईलवर कार्टून नको. मुंबईच्या आजीला फोन लावा आणि धोंडस कसं केलं ते मुलालाच सांगू द्या. क्रम चुकला तरी मध्ये बोलू नका. आजी ‘आणि मग?’ एवढं विचारेलच.