पुढच्या उन्हाळ्यात तुमचा कोणता खेळाडू बायर्न नेणार, हे आधी कसं ओळखायचं

मी जर्मनीतल्या डॉर्टमुंड या फुटबॉल क्लबचा चाहता. आमचा मारिओ ग्योट्झे लीगमधल्या प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकला जाणार ही बातमी 23 एप्रिल 2013 ला फुटली, तेव्हा माझे हातपाय गळाले होते. दुसऱ्याच दिवशी रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना होता. तो आम्ही 4-1 जिंकला, चारही गोल आमच्या लेवांडोव्स्कीचे. पुढच्या वर्षी तोही बायर्नला गेला, आणि फुकटात, म्हणजे करार संपल्यामुळे आम्हाला एक पैसाही न मिळता. तेव्हापासून मी एक वही ठेवतो. ती कशी भरायची ते सांगतो, कारण या बातम्या आभाळातून पडत नाहीत.

प्रत्येक क्लबला एक पान द्या. खेळाडूचं नाव, वय, करार कोणत्या वर्षी संपतो आणि रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, अशी अट) आहे का, एवढंच लिहा. गोल, असिस्ट काही लिहू नका. चांगला खेळाडू कोण ते आपल्याला दिसतंच, पण तो कधी सुटणार ते मैदानावर दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कराराच्या वर्षाला द्या. जर्मनीत करार साधारणपणे 30 जूनला संपतात, आणि फिफाच्या नियमाप्रमाणे शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. म्हणजे 1 जानेवारीला दार उघडतं. लेवांडोव्स्कीची सही जानेवारी 2014 मध्ये जाहीर झाली. लेऑन गोरेट्झकाची जानेवारी 2018 मध्ये, शाल्केकडून, तीही फुकटात. म्हणून खरा प्रश्न त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सोडवावा लागतो. एक वर्ष उरलं असेल तर क्लबने विकायचं, नाहीतर रिकाम्या हाताने निरोप द्यायचा. 2013 मध्ये डॉर्टमुंडने लेवांडोव्स्कीला न विकता ठेवून घेतलं. त्या हंगामात त्याने 20 गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक. पैसे बुडाले, तरी तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. एकाच उन्हाळ्यात ग्योट्झे आणि तो दोघंही गेले असते, तर संघात उरलं काय असतं?

हे एकाच ड्रेसिंग रूममध्ये बघायचं असेल, तर लेव्हरकुसेन क्लबचं 2025 चं पान उघडा. योनाथान ता बायर्नला 2024 मध्येच हवा होता, तेव्हा सौदा जमला नाही. त्याचा करार 2025 ला संपत होता. बायर्नने एक वर्ष थांबायचं ठरवलं आणि तो आला. फ्लोरियान विर्ट्झही बायर्नला हवा होता, पण त्याचा करार 2027 पर्यंत होता. लेव्हरकुसेनला घाई नव्हती. विर्ट्झ मोठी रक्कम देणाऱ्या लिव्हरपूलला गेला. दोघंही एकाच विजेत्या संघातले, फरक वहीतल्या एका आकड्याचा.

आता क्लॉज. ग्योट्झेच्या करारात 3 कोटी 70 लाख युरोची अट होती. बायर्नने तेवढे पैसे भरले, डॉर्टमुंडला नाही म्हणायची सोयच नव्हती. छोटा क्लब असं कलम लिहून देतो, कारण मोठ्या क्लबइतका पगार त्याला परवडत नाही. पगाराच्या बदल्यात तो दाराची किल्ली देतो. म्हणून लाडक्या खेळाडूने करार वाढवला की लगेच पेढे वाटू नका. दायो उपामेकानोने 2020 मध्ये लाइपझिगशी करार वाढवला आणि 2021 मध्ये 4 कोटी 25 लाखांच्या क्लॉजवर तो म्युनिकला पोचला.

त्याच वर्षी लाइपझिगचे प्रशिक्षक युलियान नागेल्समान बायर्नला गेले, आणि ऑगस्टमध्ये कर्णधार मार्सेल झाबित्झरही. लाइपझिग त्या हंगामात दुसरं आलं होतं. प्रशिक्षक हलला की त्याच्या भरवशाच्या खेळाडूंच्या नावापुढे खूण करा. दुसऱ्या क्रमांकाच्या संघावरही कायम नजर हवी. 2002 मध्ये लेव्हरकुसेन लीगमध्ये दुसरं आलं, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेऱ्या हरलं, आणि लगेच मिखाएल बालाक आणि झे रोबेर्तो बायर्नचे झाले.

प्रतिस्पर्ध्याला खच्ची करण्यासाठीच हे सगळं चालतं, असं आमचे चाहते म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. जो खेळाडू दर आठवड्याला डोळ्यांसमोर त्याच लीगमध्ये खेळतो, त्याला निवडण्यात धोका कमी असतो. भाषा, थंडी, रेफरी, सगळं त्याच्या सवयीचं. समोरचा दुबळा होतो तो वरचा फायदा. आणि डॉर्टमुंडही धुतल्या तांदळासारखं नाही. 2012 ला ग्लाडबाखकडून मार्को रॉइस आणि 2022 ला फ्रायबुर्गकडून निको श्लोटरबेक आम्हीच आणले. बायर्नचा निक्लास झ्युले तर 2022 मध्ये करार संपल्यावर आमच्याकडे आला, तेच हत्यार उलटं फिरवून.

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची उन्हाळी खिडकी बंद झाली की एका संध्याकाळी बसून पानं भरा. ज्याच्या करारात दोन वर्षं उरलीत त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याने सही केली नाही, तर तो गोल लाल करा. आणि सही केली, तर आधी क्लॉज आहे का ते शोधा, मगच खोडा.