माथेरानच्या झाडीत मल्टी कॅश: टप्पे चार, डबा एकच

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या मदतीने दडवलेला डबा (कॅश) शोधण्याचा खेळ, आणि मल्टी कॅश म्हणजे टप्प्याटप्प्याने माग काढत गाठायचा डबा. ती आखायला बसलं की पहिला मोह होतो तो प्रत्येक टप्प्यावर एकेक डबी दडवण्याचा. सह्याद्रीच्या जंगलात तो आवरा. एक डबी पावसाळा निभावून नेण्याची शक्यता दहात नऊ धरली, तरी चार टप्प्यांच्या आणि शेवटची मिळून पाचच्या पाच डब्या शाबूत राहण्याची शक्यता ५९ टक्क्यांवर येते. मधली एक गेली की पुढचा माग तुटतो आणि तीन किलोमीटर चालून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. म्हणून मधले टप्पे जागेवर आधीच असलेल्या गोष्टींवर बांधायचे आणि डबा फक्त शेवटी ठेवायचा. अशा ‘व्हर्च्युअल’ टप्प्यांना दोन कॅशमधल्या १६१ मीटर अंतराचा नियमही लागत नाही. तो फक्त प्रत्यक्ष वस्तू ठेवलेल्या टप्प्यांना असतो.

माथेरान याला फार सोयीचं. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आतल्या वाटा लाल मातीच्या आणि सावलीच्या आहेत, आणि जागोजागी पॉइंटच्या पाट्या, कठडे, बाकडी आहेत. बाजारपेठ, शार्लट तलाव, पिसारनाथाचं मंदिर, लुईसा पॉइंट आणि परत, असा फेरा आखता येतो. शोधाशोध धरून तीन-साडेतीन तासांच्या वर नेऊ नका. दस्तुरीपासूनची चाल यात धरू नका, पण संकेतस्थळावरच्या कॅशच्या पानावर पार्किंगचा वेपॉइंट (नकाशावर नोंदवलेली जागा) म्हणून दस्तुरी नाका जरूर द्या.

परवानगी आधी, जागा नंतर. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वनजमिनीवर डबा ठेवायचा तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. सोपा मार्ग म्हणजे शेवटचा डबा खाजगी बंगल्याच्या कुंपणालगत, मालकाच्या होकाराने ठेवणं. जागा हॉटेलची असेल तर पानावर त्याचं नाव घालू नका आणि आत जाऊन कुणाला विचारावं लागेल अशी रचना करू नका. तशी कॅश व्यावसायिक ठरते आणि रिव्ह्यूअर (प्रसिद्धीआधी कॅश तपासणारा) परत पाठवतो. जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणून पुरणंही चालत नाही. मे २००० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी ठेवलेली पहिली कॅश म्हणजे अर्धवट पुरलेली बादली होती, पण आजच्या नियमात ती अशा परवानगीशिवाय बसली नसती.

आता प्रश्न. खरी मेहनत इथेच आहे. ‘पाटीवर किती अक्षरं आहेत’ हा प्रश्न मराठीत कधीच विचारू नका. ‘शार्लट’मध्ये र्ल एक मोजायचा की दोन, यावर चार माणसं चार उत्तरं देतील. पायऱ्यांचंही तसंच: खालचा दगड पायरी की उंबरा? दगडात कोरलेलं साल, कठड्याचे लोखंडी खांब, काँक्रीटच्या बाकड्यांची संख्या असं काही घ्या. रंगवलेली पाटी पुढच्या हंगामात नव्याने रंगवली जाते, मजकूर बदलतो. तिच्यावर विसंबायचंच असेल तर तोच आकडा दुसऱ्या कशातून तरी काढता आला पाहिजे.

उत्तरांना क, ख, ग, घ अशी नावं द्या आणि शेवटची जागा ‘उत्तर अक्षांश १८° ५८.कखग’ अशा रूपात मांडा. ही अंश आणि दशांश मिनिटांची पद्धत आहे. मिनिटातल्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तर अक्षांशात १.८५ मीटर आणि माथेरानच्या पट्ट्यात रेखांशात सुमारे १.७५ मीटर सरकायला होतं. चुका मात्र याहून फार मोठ्या होतात, आणि ठरावीकच होतात:

• ५९.२५० मिनिटं हे ५९ मिनिटं २५.० सेकंद असं वाचलं तर माणूस ३०० मीटर उत्तरेला जातो. मिनिटाचा पाव भाग म्हणजे १५ सेकंद.
• १८° ५९.२५० हे १८.५९२५० असं भरलं तर नकाशा जवळजवळ ४४ किलोमीटर दक्षिणेला नेतो.
• ०४७ मधलं शून्य गाळून ५८.४७ लिहिलं तर ७८० मीटरची चूक. एखादा आकडा शून्य येत असेल तर पानावर तसं स्पष्ट सांगा.
• ‘क + ३’ची बेरीज १२ आली तर एका आकड्याच्या जागी दोन आकडे कसे बसवायचे? प्रत्येक सूत्राचं उत्तर ० ते ९ मध्येच येतं का, ते आधी तपासा.

शेवटी सर्व आकड्यांची बेरीज पानावर द्या. बेरीज जुळत नसेल तर शोधणाऱ्याला चूक पॉइंटवर उभं असतानाच कळते. झाडीत उगाच झुडपं तुडवली जात नाहीत, आणि जंगलासाठी ही बेरीज कुठल्याही हिंटपेक्षा मोलाची आहे.

कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांश) घेताना घाई नको. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. ओल्या पानांच्या छताखाली आणि कड्याच्या आडोशाला संकेत अडतात, खडकावर आपटून उशिरा येतात, आणि दहा-पंधरा मीटरची चूक सहज होते. त्या जागी दोन-तीन मिनिटं थांबून वाचन घ्या. दोन-तीन वेगळ्या वेळी येऊन अशी किमान पाच वाचनं जमवा, फार भरकटलेलं एखादं असेल तर टाका आणि उरलेल्यांची सरासरी काढा. याच चुकीमुळे कड्याजवळचा टप्पा दरीच्या कडेपासून निदान २०-२५ मीटर आत हवा. तुमचे आकडे बरोबर असले तरी शोधणाऱ्याचा फोन १५ मीटर बाहेर दाखवू शकतो, आणि लुईसा पॉइंटवर त्या पंधरा मीटरांखाली जमीन नसते.

डबा चार बाजूंनी लॉक होणारा, झाकणाला सिलिकॉन रबर असलेला, अर्धा ते एक लिटरचा घ्या. पारदर्शकच घ्या. बेवारस अपारदर्शक डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. बाहेरून मराठीत लिहा: ‘जिओकॅशिंग खेळाचा डबा. धोकादायक वस्तू नाही. कृपया हलवू नका.’ आत पाणी शिरतं ते बहुधा डबा वाईट म्हणून नाही. प्लास्टिक पिशवीचा कोपरा रबरात अडकतो आणि तिथून ओल आत जाते. लॉगबुकची (शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीची) पिशवी डब्याच्या निम्म्या आकाराची ठेवली की हा त्रास संपतो. लिहायला पेन्सिल ठेवा, कारण दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही. सिलिका जेलच्या पुड्या पहिल्याच पावसात ओल पिऊन बसतात. चॉकलेट, अत्तर, सुवासिक खोडरबर काहीही नको. माथेरानची माकडं पिशवीची चेन उघडतात, वास आला तर हा डबाही उघडतील.

डबा जमिनीपासून फूटभर वर, बाजूने हात जाईल असा ठेवा. झाडाच्या ढोलीत, वारुळाजवळ किंवा दगडी बांधाच्या फटीत नको: तिथे साप-विंचू असतात, आणि एका डब्यासाठी लोक सगळा बांध उसकटतात. झाडाला खिळा ठोकू नका. ‘हात घालण्याआधी काठीने चाचपा’ हे वाक्य पानावर हवंच.

प्रसिद्धीला पाठवण्याआधी जागा माहीत नसलेल्या माणसाला हा फेरा करायला द्या. तुम्ही मागून चाला, पण बोलू नका. तो जिथे दोनदा थांबेल तिथला प्रश्न बदला. त्याला नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्यायला सांगा, झाडीत नेटवर्कची खात्री नसते. अँड्रॉइडवर सी-जिओ (c:geo) हे ॲप यासाठी पुरेसं आहे. पानावर पहिल्या टप्प्याचे आकडे उघड आणि बाकीचे वेपॉइंट लपवलेले ठेवा. रिव्ह्यूअरला मात्र सगळे दिसले पाहिजेत.

जून ते सप्टेंबर कॅश ‘तात्पुरती बंद’ दाखवा. शेवाळलेल्या लाल दगडावर घसरायला होतं आणि धुक्यात कठडेही दिसत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सगळे टप्पे पुन्हा चालून या, प्रत्येक उत्तर नव्याने मोजा आणि रबराच्या खाचेतली माती जुन्या दातब्रशने काढा. लॉगबुक भिजलं असेल तर पानांचे फोटो काढून नवं ठेवा. ओलं वाळवून परत ठेवलं तर बुरशी नव्या कागदालाही धरते.