आपोआप उगवलेली रानरोपे ग्रासकटरपासून वाचवण्यासाठी

कोकणातील रिसॉर्टचे आवार पुन्हा रानासारखे व्हावे म्हणून नर्सरीतून महागडी रोपे आणली जातात आणि त्याच पावसाळ्यात तेथे आपोआप उगवलेली ऐन, किंजळ, कुडा, जांभूळ यांची रोपे मात्र ग्रासकटरखाली जातात.

१. मृगाआधी जुन्या झाडांखालचा किंवा कुंपणालगतचा एक पट्टा निवडून तेथील गवत कापणे थांबवावे, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते ते प्रामुख्याने अशाच ठिकाणी.

२. श्रावणात गावातील एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन फिरावे आणि ओळखलेल्या प्रत्येक रोपाशी चुना लावलेली बांबूची काठी रोवावी. कुड्याचे पान खुडल्यास पांढरा चीक येतो, ही खूण नवख्यालाही उपयोगी पडते.

३. काठी माळ्याला दिसते, ग्रासकटरच्या दोरीला नाही. म्हणून टाकाऊ चार इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून रोपांच्या बुंध्याभोवती बसवावेत, म्हणजे पुढे गवत कापताना साल सोलली जात नाही.

४. जुने खुंट उपटू नयेत. ऐन आणि किंजळ खुंटापासून फुटतात. त्यांचे दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढावेत. मुळे आधीच खोल असल्यामुळे ही झाडे नव्या रोपांपेक्षा झपाट्याने वाढतात, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील खरी कमाई हीच आहे.

मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात रानमोडी आणि घाणेरी ही उपद्रवी तणेही हमखास शिरतात. त्यांना पावसाळा संपण्यापूर्वी, माती ओली असतानाच मुळासकट उपटावे, कारण रानमोडी एकदा फुलली की तिचे हलके बी वाऱ्याबरोबर आवारभर पसरते.