कार्बन डायऑक्साइडची सीमापार साठवण : कायदा वाचताना या चुका टाळा

कारखान्याच्या धुराड्यातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड परदेशाच्या समुद्रतळाखाली साठवण्याचा व्यवहार आता कागदावर राहिलेला नाही. मार्च २०२३ मध्ये बेल्जियममधला वायू डेन्मार्कच्या 'ग्रीनसँड' प्रकल्पात, उत्तर समुद्रातील जुन्या तेलक्षेत्राखाली सोडण्यात आला. या व्यवहाराला साध्या मालाची निर्यात समजणे, ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधने घालणाऱ्या १९९६ च्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराच्या लेखी हा वायू समुद्रात टाकायचा कचरा ठरतो, आणि समुद्रात टाकण्यासाठी कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यास त्याच्या कलम ६ ने मनाई केली आहे.

२००६ च्या दुरुस्तीने समुद्रतळाखालील भूस्तरांत साठवण करण्यास मुभा दिली, म्हणून निर्यातीचाही मार्ग मोकळा झाला असा समज करून घेऊ नये. निर्यातीसाठी २००९ मध्ये वेगळी दुरुस्ती संमत झाली, पण दोन-तृतीयांश सदस्य देशांची स्वीकृती न मिळाल्याने ती अंमलात आलेली नाही. ही कोंडी फुटली ती सदस्य देशांच्या २०१९ च्या ठरावाने, ज्यानुसार इच्छुक देश ती दुरुस्ती तात्पुरती लागू करू शकतात. मात्र त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या महासचिवांकडे घोषणापत्र द्यावे लागते, आणि केवळ तेवढ्यानेही भागत नाही. परवाना कोण देणार आणि कोणती जबाबदारी कोणाकडे राहणार, हे ठरवणारा करार किंवा व्यवस्था दोन्ही देशांत असावी लागते. घेणारा देश प्रोटोकॉलचा सदस्य नसेल, तर किमान प्रोटोकॉलइतक्याच कडक अटी त्या करारात घालाव्या लागतात. प्रकल्प रखडलेला दिसला, की आधी ही कागदपत्रे तपासावीत. जहाज आणि वायू जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरीची चौकशी नंतर.

वायूच्या शुद्धतेबाबतची चूक किरकोळ वाटते, पण परवाना तिथेही अडू शकतो. प्रोटोकॉलमध्ये टक्केवारी दिलेली नाही. प्रवाहात 'प्रचंड प्रमाणात' कार्बन डायऑक्साइडच असावा आणि विल्हेवाटीच्या हेतूने त्यात दुसरा कचरा मिसळू नये, एवढेच म्हटले आहे. पकडण्याच्या प्रक्रियेतून आपोआप येणारे अंश चालतात, मुद्दाम घातलेले चालत नाहीत.

भूगर्भाचा अंदाज एकदा मंजूर झाला की तो कायमचा, असे मानणेही चुकीचे. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून तुबोएन या भूस्तरात वायू सोडला जात होता. तेथील दाब अपेक्षेपेक्षा वाढल्याने २०११ मध्ये वरचा स्तो स्तर वापरावा लागला. गळती न होताही योजना बदलावी लागते, ती अशी. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडच्या साठवणीबाबतच्या युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात देखरेख आणि सुधारणात्मक उपाय यांच्या योजना परवान्याचाच भाग आहेत, आणि गळती झाल्यास तितके उत्सर्जन-हक्क, म्हणजे ठरावीक वायू हवेत सोडण्याचे परवाने, शासनाकडे जमा करावे लागतात.

विहीर बंद केली की जबाबदारी संपली, हा समज तर सर्रास आढळतो. त्याच निर्देशानुसार, साठा पूर्णपणे व कायमचा बंदिस्त राहील हे उपलब्ध पुराव्यांवरून दिसेपर्यंत आणि सर्वसाधारणपणे किमान २० वर्षे उलटेपर्यंत दायित्व चालकाकडेच, म्हणजे साठवण प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीकडेच राहते. शासनाकडे हस्तांतर होण्यापूर्वी पुढील किमान ३० वर्षांच्या देखरेखीचा अंदाजित खर्च भागेल एवढी रक्कमही त्याला द्यावी लागते. चालकाने अपुरी माहिती दिली होती, काही दडवले होते किंवा हलगर्जीपणा केला होता असे पुढे निष्पन्न झाले, तर हस्तांतरानंतरचा खर्चही शासन त्याच्याकडूनच वसूल करते.