कोंबडीचं अंग बाहेर आलं तेव्हा

आमची तांबडी नुकतीच अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी. सकाळी खुराडं उघडलं तर ती कोपऱ्यात उभी. मागे लिंबाएवढा लालभडक, ओला गोळा, म्हणजे अंडं येण्याच्या नळीचा उलटून बाहेर आलेला भाग, लोंबत होता आणि बाकीच्या त्यावर टोचायला टपलेल्या. आधी तिला उचलून घरात आणलं. रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत, आतडी ओढून जीव घेतात.

लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून गोळा धुतला, माती आणि विष्ठा निघेपर्यंत. आत अंडं अडकलेलं नाही ना, हे चाचपून पाहिलं. सूज खूप होती म्हणून वर पिठीसाखर दाबून दहा मिनिटं ठेवली. साखर पाणी ओढून घेते, गोळा लहान होतो. मग पुन्हा धुऊन, हातमोजा घालून, बोटाला व्हॅसलीन लावून हलक्या हाताने आत सरकवला. बाईने तिला फडक्यात गुंडाळून धरलं होतं. पाच मिनिटं तसंच दाबून धरलं. संध्याकाळी परत बाहेर! पुन्हा तेच केलं.

खरा गुण आला तो अंधाराने. उजेड आठ तासांच्या आत ठेवला की अंडी देणं मंदावतं, जखमेला विसावा मिळतो. आठवडाभर तिला झाकलेल्या डालग्यात ठेवलं, खाली स्वच्छ गोणपाट. गोळा काळा पडला असता किंवा घाण वास आला असता, तर थेट पशुवैद्यकांकडेच नेली असती.

आता खुराड्यात कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा कायम वेगळा ठेवतो. मक्याचा भरडा कमी केला, चरबी वाढू नये म्हणून. तांबडी पुन्हा अंडी देते, पण रोज संध्याकाळी तिची शेपटी उचलून बघतोच.